बंदुकीवर घातलेलं नाव

आमच्या घरात बंदूक आली ती मुलीच्या उंचीमुळे. उंचीच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे, म्हणजे वरच्या फळीवरचा डबा काढायला जन्मभर स्टूल लागणार. इथे आयर्लंडमध्ये शाळेत मध्येच एक वर्ष असं असतं की परीक्षा नसते, मुलांनी काहीतरी नवं करून पाहायचं असतं. तिच्या मैत्रिणी केक भाजायला शिकल्या, गिटार शिकल्या. ही रायफल चालवायला शिकली. मी कोल्हापूरची, आमच्याकडे शेजारपाजारच्या दोन-तीन मुली तरी नेमबाजीत असायच्याच, त्यामुळे मला फार धक्का बसला नाही. नवरा पुण्याचा, त्याला बसला.

क्लब म्हणजे स्लायगो शहराच्या अलीकडे, आम्ही राहतो त्या गावाबाहेर मेंढ्यांच्या कुरणात उभी केलेली एक लांबट शेड. चालवणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनीच पुढच्या वर्षी एका शनिवारी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीचा नेम चांगला आहे, पण क्लबची रायफल तिला लांब पडते. नळी पुढे जड, त्यामुळे शेवटच्या गोळ्यांना हात थरथरतो. तिला आखूड नळीची, हलकी रायफल हवी. तयार मिळणार नाही, बांधून घ्यावी लागेल. उन्हाळ्याच्या शेवटी ज्युनिअर संघाची निवड आहे, तोवर झाली तर ही पोरगी संघात जाईल, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

बांधून घ्यायची म्हणजे मला वाटलं ब्लाऊज शिवून घेण्यासारखं असेल. माप द्यायचं, दोनदा चकरा मारायच्या, झालं.

घरी नवऱ्याशी तह झाला. हा एकच उन्हाळा. सप्टेंबरपासून शाळेचं शेवटचं वर्ष, मग मोठी परीक्षा, मग कॉलेज. संघात निवड झाली तर तिला हिवाळ्यातल्या स्पर्धेला जाऊ द्यायचं, नाही झाली तर रायफल बंद आणि पुस्तकं उघडी. मुलीने हे एका शब्दाने न भांडता मान्य केलं, त्यावरून तिला ते किती हवं होतं ते कळलं. जी मुलगी मोजे कपाटात ठेवण्यावरून वाद घालते, ती गप्प बसली.

हे फेब्रुवारीत. आणि मग सुरू झालं कागदांचं रामायण.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपल्याकडचीच आहे अशी माझी समजूत होती. इथले लोक फक्त ती हसतमुखाने अमलात आणतात. प्रत्येक माणूस गोड बोलायचा, हवामानाबद्दल चौकशी करायचा, आणि अर्ज परत द्यायचा. कुणावर चिडायची सोयच नाही. मी घरी येऊन भांड्यांवर चिडायचे.

पहिली गोष्ट अशी कळली की इथल्या कायद्याने नुसती नळी म्हणजेसुद्धा बंदूक. तिला दस्ता नसो, घोडा नसो, ती पडद्याच्या दांडीसारखी टेबलावर पडलेली असो, तरी बंदूक. त्यामुळे परवाना हातात पडेपर्यंत तिला शिवायचंही नाही; सगळं परवानाधारक दुकानदाराकडे. दुसरी गोष्ट, लांब नळी कापून ठरावीक मापाच्या आत आखूड करणं हा गुन्हा. आमची नळी कापलेली नव्हती, जर्मनीहून तशीच आलेली होती, आणि मापातही बसत होती. पण ते आम्हाला माहीत होतं, कागदाला नव्हतं. म्हणून कारखान्याकडून पत्र मागवलं की सदर नळी जन्मतःच एवढीच आहे. मुलगी म्हणाली, माझ्यासाठीपण असं एक पत्र मागव.

मग नंबर. प्रत्येक बंदुकीवर नंबर कोरलेला असावा लागतो आणि तोच अर्जात लिहायचा. आमच्या नव्या नळीवर एक नंबर होता. जिच्यात ती बसवायची ती मधली पेटी, म्हणजे जिथे गोळी भरतात तो लोखंडी भाग, दुकानदाराकडच्या एका जुन्या रायफलीचा होता, आणि त्या रायफलीचा नंबर होता तिच्या जुन्या नळीवर, जी काढून टाकली होती. म्हणजे पेटी बिननंबरी. अर्जात नंबरासाठी चौकट एकच. मी विचारलं, नळीचा लिहू का? नाही, पेटीचा. पेटीला नाही. मग आधी पेटीवर नंबर घालायला हवा. तो दुकानदारानेच घालायचा, त्याच्या वहीत लिहायचा, पोलिसांना कळवायचा, आणि मग आम्ही अर्ज भरायचा. मधल्या काळात जुना अर्ज रद्द.

बाकीच्या भानगडी वेगळ्याच. डॉक्टरचा दाखला हवा. मी डॉक्टर आहे, पण स्वतःच्या मुलीला देता येत नाही. तिजोरी भिंतीत ठोकायला हवी. घर भाड्याचं, म्हणून घरमालकाची परवानगी. ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, तर मुलीच्या नावात मधे बापाचं नाव का आहे, हा पुरुष कोण, असा प्रश्न त्यांतल्या एकाला फोनवर विचारला गेला आणि त्याने प्रामाणिकपणे माहीत नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याने त्या दिवशी जेवताना मान खाली घातली होती. हसत होता की चिडला होता ते समजलं नाही.

नंबर अखेर घातला गेला. तो लेझरने, पेटीच्या कडेला, दस्त्याच्या अगदी लगत. इतका बारीक की मुंगीने पाय ओढत नेल्यासारखा. अर्जासोबत नंबराचा फोटो जोडायचा होता. पहिला फोटो परत आला, नंबर वाचता येत नाही. दुसराही परत आला. तिसऱ्या वेळी मी हॉस्पिटलातून सुटल्यावर थेट दुकानात गेले आणि पेशंटांचा घसा बघायच्या टॉर्चने तिरपा उजेड पाडून फोटो काढला. घरी येऊन मी अर्धा तास त्या नंबराच्या नावाने बोटं मोडली. एवढे पैसे घेतात, एवढं शिकलेले असतात, आणि चार आकडे धड उमटवता येत नाहीत?

हे सगळं अण्णा ऐकत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मेमध्ये आमच्याकडे आले होते, सप्टेंबरात परत जायचे होते. कोल्हापुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आता भाऊ बघतो. पण भांड्यांवर नाव घालायचं काम ते परवापरवापर्यंत स्वतः करत. लग्नाचा हंडा असो की मुंजीतली वाटी, नाव घातल्याशिवाय गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडत नसे. ज्यावर नाव नाही ती वस्तू घरातली नव्हे, वाट चुकून आलेली, असं त्यांचं मत. ते नाव घालायचं छोटं विजेचं मशीन त्यांनी बॅगेतून आयर्लंडलाही आणलं होतं. कपडे कमी आणले होते.

पहिल्या पंधरवड्यात त्यांनी आमच्या घरातला प्रत्येक डबा, पेला, झारा माणसांत आणला. मुलीच्या पाण्याच्या बाटलीवर तिचं नाव, नवऱ्याच्या थर्मासवर त्याचं. शेजारची आयरिश बाई एकदा चहाला आली, तर तिची किटली मागवून तिच्यावर तिचं नाव मराठीत घातलं. बाई इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी बहिणीची किटली घेऊन आली. दुपारी घरात टर्रर्र टर्रर्र असा आवाज चालायचा आणि नवरा कानाला हेडफोन लावून मीटिंगा करायचा.

जुलैत परवाना आला. दुकानातून रायफल घरी आली, तिजोरीत बसली. मुलीने ती पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा मी क्लबात होते. तिच्या बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. कागदावरची भोकं मधोमध, एकात एक गेली होती. चिडचिड करण्यात गेलेले सगळे महिने मला त्या क्षणी वसूल झाल्यासारखे वाटले. आता सहा आठवडे सराव आणि मग निवड.

पुढचं आम्हाला निवडीच्या तीन आठवडे आधी कळलं. क्लबात मधूनमधून सगळ्यांच्या बंदुकांचे नंबर परवान्याशी ताडून बघतात. बाईंनी रायफल हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि मला हाक मारली.

नंबर आता लांबूनही दिसत होता. ठसठशीत, टिंबाटिंबांनी कोरलेला, एकेक आकडा हंड्यावर शोभेल असा. त्याच्या खाली, त्याच वळणात, मुलीचं नाव. त्याखाली ‘आजोबांकडून सप्रेम भेट’, आणि तिथी.

मी अक्षर बघताक्षणी ओळखलं. ते अक्षर मी जन्मापासून जेवताना बघत आले आहे.

मुलीला विचारलं तर तिला त्यात काही वावगंच वाटलेलं नव्हतं. टेबलावर रायफल पुसत होती, मैत्रिणीचा फोन आला, ती तिथेच पाठ फिरवून बोलत होती. मागे टर्रर्र ऐकू आलं, पण ते तर दिवसभर ऐकू येतं. वळून बघितलं तर झालं होतं. तिला ते फार आवडलं. तिने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला होता.

बाईंनी मला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या की नाव आणि भेट राहू दे, ते शोभेचं म्हणता येईल. पण नंबराला कुणी हात लावला असेल तर ते त्यांना कळवावंच लागेल. चोरलेल्या बंदुकीचे नंबर लोक असेच खरवडून नवे घालतात. खालचा मूळ नंबर आता दिसतच नव्हता, अण्णांचा दिसत होता. त्या माझ्याशी जितक्या हळू बोलल्या तितकी मला जास्त भीती वाटली.

घरी आले. अण्णा ओट्याशी उभे राहून माझ्या वहिनीसाठी घेतलेल्या डब्यावर नाव घालत होते. मी विचारलं, का केलंत?

“तूच वरडत हुतीस की, नंबर दिसंना म्हणून,” ते म्हणाले. “आता दिसतोय.”

मी डॉक्टर आहे, दिवसभर लोकांना वाईट बातम्या नीट शब्दांत सांगते. ही बातमी मात्र मी नवऱ्यावर सोपवली. नवऱ्याने खुर्ची ओढून त्यांना सगळं समजावलं. परवाना जाऊ शकतो. निवडीला ही रायफल नेता येणार नाही. शिवाय ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने बंदुकीला हात लावला, म्हणजे तोही प्रश्न. अण्णांनी सगळं ऐकलं, मशीनची वायर काढली, गुंडाळली आणि मशीन बॅगेत ठेवलं.

पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्यायचा होता, नंबराला कोणी हात लावला याचा. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने इंग्रजीत एक मसुदा केला, त्यात ‘घरातील एका सदस्याकडून अनवधानाने’ असं होतं. अण्णांनी त्याचं मराठी करून घेतलं आणि मसुदा बाजूला सारला. ते स्वतः येणार म्हणाले. मी नको म्हटलं, व्हिसावर आलेला माणूस, कशाला पोलिसांच्या तोंडी जायचं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि गाडीत पुढे जाऊन बसले.

सार्जंट उंच, थकलेल्या चेहऱ्याचा, अतिशय सभ्य. त्याने अण्णांना चहा विचारला. मी दुभाष्याचं काम केलं. अण्णांनी सांगितलं की काम त्यांचं आहे, नातीला काही ठाऊक नव्हतं, लेकीला तर नव्हतंच. मग टेबलावर बोट टेकवून म्हणाले, “आकडा पुसला न्हाई म्हणावं साहेबाला. जो हुता त्योच घातलाय. आमच्या दुकानात आजवर चुकीचं नाव पडलेलं न्हाई.”

मी भाषांतर केलं. सार्जंटने फोटो पुन्हा पाहिला आणि काम ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत छान आहे, असं कबूल केलं. त्याने जबाब लिहून घेतला, अण्णांनी खाली मराठीत सही केली. त्यात वाईट हेतू नाही हे त्याला दिसत होतं, तसं तो वर कळवणार होता, आणि बंदूक नजरेआड होऊ दिल्याबद्दल मुलीला समज मिळाली. परवाना रद्द झाला नाही. पण कायदा कायद्याच्या जागी. पेटी दुकानदाराकडे परत जाणार, तिच्यावर दुसऱ्या ठिकाणी नवा नंबर पडणार, वहीत चढणार, वर कळवला जाणार. आणि आम्ही नव्या नंबराचा अर्ज करायचा.

“पहिल्या पानापासून?” मी विचारलं.

पहिल्या पानापासून, तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. फोटोसकट.

मी चिडले होते, आणि चिडायला समोर कुणीच योग्य माणूस नव्हता. सार्जंट बरोबर, बाई बरोबर, नियम बरोबर. ज्यांच्यावर चिडायचं ते बाहेर गाडीशी टोपी हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, असू दे अण्णा. नवरा म्हणाला, होतं असं. आम्ही दोघं पुढचे तीन आठवडे हेच म्हणत राहिलो. असू दे, तुमचा काय दोष, दुसऱ्या मुलांच्याही रायफली वेळेवर येत नाहीत, तशीही निवड कठीणच असते. मी हे दात आवळून म्हणायचे, आणि माझ्या दातांचा आवाज त्यांना ऐकू येत असणार.

त्यांचं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी मोडायचे आणि पोट भरलं म्हणायचे. मी रक्तदाब घेतला, साखर तपासली, रक्त काढून नेलं. सगळं उत्तम. घरात टर्रर्र आवाज बंद झाला होता आणि नवरासुद्धा मीटिंगांत हेडफोन काढून बसायला लागला.

मुलगी क्लबच्या लांब रायफलीवर सराव करत राहिली. ती घरी काही बोलायची नाही. विचारलं की म्हणायची, इट्स ग्रँड.

निवड डब्लिनच्या अलीकडच्या एका मोठ्या रेंजवर होती. अण्णा येतो म्हणाले. काचेमागच्या बाकावर आम्ही तिघं बसलो, सॅंडविचचा डबा माझ्या मांडीवर. पहिल्या फेऱ्या तिने छान काढल्या. तिच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी बोटाने दाखवलं, ती चौथी होती, आणि संघात चौघी जाणार होत्या. मग मी तिचा डावा हात बघितला. कोपर थरथरत होतं. ती रायफल खाली ठेवायची, हात झटकायची, पुन्हा उचलायची. नळीचं टोक एका जागी ठरत नव्हतं, हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही काचेतून दिसत होतं. अण्णांना तर दिसत होतंच. ते पुढे सरकून, काचेला जवळजवळ नाक लावून, तिच्या कोपराकडे बघत होते.

ती सातवी आली.

तिने सगळ्यांशी हात मिळवले, जिंकलेल्या मुलींना मिठ्या मारल्या, क्लबची रायफल बाईंच्या गाडीत ठेवली आणि आमच्या गाडीत येऊन मागे अण्णांच्या शेजारी बसली. नवरा गाडी चालवत होता. डबा तसाच होता, मी तो मागे दिला, कुणी उघडला नाही. नवऱ्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

मग अण्णा म्हणाले, “माझ्यापायी गेलं.”

आपल्याकडे या वाक्याला एकच उत्तर असतं. वडीलधारं माणूस असं म्हणालं की समोरच्याने घाईघाईने ‘छे छे, तुमच्यामुळे कसं, नशिबातच नव्हतं’ असं म्हणायचं असतं. मी म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून मुलगी बोलली. अण्णांशी ती मराठीच बोलायचा प्रयत्न करते, शब्द शोधत, एकेक करून.

“हो आजोबा,” ती म्हणाली. “तुमच्यामुळेच गेलं. मला तुमचा खूप राग आला होता. अजून थोडा आहे.”

नवऱ्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मी मागे वळले, तिला डोळ्यांनी दटावायला. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने डोकं अण्णांच्या खांद्यावर टाकलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या दिवसात पहिल्यांदाच. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि तीन आठवड्यांत आम्हाला न दिसलेली गोष्ट झाली, त्यांचे खांदे खाली आले.

“मग बोलली न्हाईस ते इतके दिस?”

“तुम्ही विचारलं नाही. आणि आई सारखी ‘असू दे’ म्हणत होती.”

अण्णांनी डबा जवळ ओढला, उघडला, एक सॅंडविच तिला दिलं आणि दुसरं खायला लागले. ते संपवून त्यांनी आणखी एक घेतलं. मी पुढे तोंड करून बसले आणि घर येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.